विमानावर सही कोणाची चालते? विमान दुरुस्तीचं शिक्षण, पदवी आणि लायसन्स : बसवकल्याण भागातल्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर माहिती

बसवकल्याण : विमान दुरुस्तीचं शिक्षण देणारी कॉलेजं आणि विद्यापीठं हल्ली बरीच झाली आहेत. त्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात, आणि पीयूसीचा किंवा बारावीचा निकाल लागला की एजंटांचे फोनही सुरू होतात. या सगळ्यात एक गोष्ट बऱ्याचदा सांगायची राहते. विमान दुरुस्त करून 'हे विमान उडायला योग्य आहे' अशी सही करण्याचा हक्क पदवीने मिळत नाही. त्यासाठी लायसन्स लागतं, आणि ते कोणतंही विद्यापीठ देत नाही. ते देतं डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

हा फरक फी भरण्याआधी कळला तर बरं. फी भरल्यावर कळला तर तीन-चार वर्षं गेलेली असतात आणि वावर गहाण पडलेलं असतं. बिदर, कलबुर्गी, उमरगा, लातूर, सोलापूर या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

काम नेमकं काय असतं?

बसवकल्याणच्या माणसाला दुरुस्तीचं काम समजावून सांगावं लागत नाही. इथलं ऑटोनगर ट्रकांच्या कामासाठी लांबपर्यंत माहीत आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या हाताखाली पोरं दहा-बारा वर्षांत तयार होतात. हाताची ही सवय विमानाच्या कामातही उपयोगी पडते. पण एका जागी दोन्ही कामांची वाट पूर्ण वेगळी होते. ऑटोनगरात मिस्त्रीचा शब्द चालतो. हँगरमध्ये शब्द चालत नाही, लिहिलेलं चालतं.

विमानाचा प्रत्येक नट-बोल्ट कोणत्या नंबरचा, तो किती ताकदीने आवळायचा, कोणत्या पानाने आवळायचा, हे सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते पाहूनच काम करायचं. पाठ असलं तरी पाहायचं. टॉर्क रेंच ठरलेल्या मुदतीत तपासून आणलेला असावा लागतो. काम संपल्यावर पेटीतलं प्रत्येक हत्यार मोजून जागेवर ठेवावं लागतं. एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. आणि शेवटी ज्याच्याकडे लायसन्स आणि कंपनीची परवानगी दोन्ही आहेत, तो माणूस नोंदवहीत सही करतो. त्या सहीखाली त्याचा नंबर असतो. पुढे काही घडलं तर चौकशी त्या नंबरापर्यंत येते.

एवढी कडक शिस्त कशाला, असं वाटत असेल तर १० जून १९९० ची गोष्ट वाचा. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं होतं. सतरा हजार फुटांवर असताना पायलटसमोरची काच निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसकट सगळे वाचले. चौकशीत कळलं की आदल्याच दिवशी ती काच बदलली होती, आणि ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने किंचित बारीक होते. फरक मिलिमीटरच्या पाऊण भागाएवढाही नव्हता. काम करणारा माणूस नवखा नव्हता, अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन त्याच्याशी नवा जुळवून पाहिला, पार्ट्सचं पुस्तक उघडलं नाही. आपल्याकडे ज्याला आपण 'नजर तयार आहे' म्हणतो, त्या नजरेनेच घात केला.

विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात माणसाच्या चुका कशा होतात यावर एक वेगळा विषय ठेवलेला आहे, तो अशा घटनांमुळेच. थकवा, घाई, रात्रपाळी, वरिष्ठाला विचारायचा संकोच, सगळं त्यात येतं.

लायसन्सचे प्रकार

भारतात हे लायसन्स डीजीसीएच्या 'सीएआर-६६' या नियमावलीप्रमाणे मिळतं. लायसन्सधारकाला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, थोडक्यात एएमई म्हणतात. 'इंजिनिअर' हा शब्द आहे म्हणून बी.ई. लागते असा बऱ्याच पालकांचा समज असतो. बी.ई. लागत नाही. बारावी किंवा दुसरी पीयूसी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन पास झालेली असावी, किंवा इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा असावा. बायोलॉजी घेऊन गणित सोडलेल्या मुलांना इथे अडचण येते, हे अकरावीला विषय निवडतानाच लक्षात ठेवा.

प्रकार बरेच आहेत, पण विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्षात दोनच येतात. बी-१ म्हणजे मेकॅनिकल बाजू : इंजिन, विमानाचा सांगाडा, चाकं, हायड्रॉलिक, विजेची व्यवस्था. त्यातलं बी-१.१ हे जेट आणि टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं, म्हणजे आपण तिकीट काढून बसतो त्या विमानांचं. हेलिकॉप्टरसाठी आणि पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांसाठी वेगळे उपप्रकार आहेत. दुसरा प्रकार बी-२, एव्हिऑनिक्सचा : रेडिओ, रडार, ऑटोपायलट, कॉकपिटमधली उपकरणं. हात काळे करायची आवड असेल तर बी-१, सर्किटमध्ये डोकं चालत असेल तर बी-२. शिवाय 'ए' हा लहान प्रकार आहे. त्यात ठराविक, सोप्या कामांवर आणि स्वतः केलेल्या कामावरच सही करता येते.

शिक्षण कसं होतं?

डीजीसीएने 'सीएआर-१४७' खाली मान्यता दिलेल्या संस्थेत बी-१.१ किंवा बी-२ चा अभ्यासक्रम २४०० तासांचा असतो. साधारण दोन वर्षं. त्यात वर्गातला अभ्यास आणि वर्कशॉप दोन्ही येतं. त्यानंतर चालत्या विमानांवर दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. म्हणजे जाहिरातीत काहीही लिहिलेलं असलं तरी लायसन्स हातात यायला किमान चार वर्षं धरा.

परीक्षा डीजीसीएच घेते. अभ्यास मॉड्यूलमध्ये विभागलेला आहे. वीज, इलेक्ट्रॉनिक्स, धातू आणि सामान, दुरुस्तीच्या पद्धती, हवेचं शास्त्र, मानवी चुका, विमान कायदा, आणि पुढे विमानाची यंत्रणा व इंजिन. प्रत्येक मॉड्यूल स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. ३५ टक्क्यांची सवय असलेल्या मुलांना पहिला धक्का इथेच बसतो. कॉलेजची अंतर्गत परीक्षा पास होणं आणि डीजीसीएचे मॉड्यूल निघणं यात मोठं अंतर असतं. दोन वर्षं वर्गात बसूनही मॉड्यूल अडकून राहिले तर लायसन्स अडकतं.

अनुभवाची दोन वर्षंही कागदावर असावी लागतात. कोणत्या तारखेला, कोणत्या विमानावर, काय काम केलं, कोणाच्या देखरेखीखाली केलं, हे लॉगबुकात उतरवून सही घ्यायची. हे काम 'नंतर एकदम लिहू' म्हणून ठेवायचं नसतं.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे लगेच कोणत्याही विमानावर सही करता येते असंही नाही. एअरबस ए-३२० वर सही करायची तर त्या विमानाचा वेगळा टाइप कोर्स करावा लागतो, बोइंग ७३७ साठी वेगळा, एटीआरसाठी वेगळा. त्यानंतर ज्या कंपनीत काम करता ती कंपनी तुम्हाला लेखी परवानगी देते, आणि मग पहिली सही. लायसन्स पाच वर्षांसाठी असतं. सही करण्याचा हक्क चालू ठेवायचा तर आधीच्या दोन वर्षांत किमान सहा महिने असं काम केलेलं असावं लागतं. घरी बसलेल्याचं लायसन्स कागदावर राहतं, हक्क थांबतो.

विद्यापीठाची पदवी कशाला मग?

पदवी निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एरोनॉटिक्स ही पदवी आहे, मेकॅनिकल आणि एव्हिऑनिक्स अशा दोन शाखांत. ती विमान दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थांमधून चालते. जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबचं कॉलेज आहे. हा क्लब १९२८ सालचा, देशातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी. अशा ठिकाणी एएमईचं प्रशिक्षण आणि विद्यापीठाची पदवी हातात हात घालून चालते. लायसन्स लांबलं तरी मुलाच्या हाती पदवी राहते. स्पर्धा परीक्षा, बँक, एमबीए, सगळे दरवाजे उघडे राहतात. नुसतं एएमई प्रशिक्षण घेतलेल्या मुलाचे मॉड्यूल अडकले तर त्याच्याकडे बारावीच उरते. त्यामुळे दोन्ही एकत्र मिळत असेल तर ते चांगलंच.

अडचण तेव्हा येते जेव्हा एखादी संस्था 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स'ची बी.एस्सी. किंवा बी.व्होक. देते, पण तिच्याकडे सीएआर-१४७ ची मान्यता नसते. पदवी खरी असते, विद्यापीठही खरं असतं, फसवणूक अशी काही नसते. पण त्या अभ्यासक्रमाला लायसन्ससाठी जी सूट मिळायला हवी ती मिळत नाही. बी.ई. एरोनॉटिकलचंही तसंच. आपल्याकडे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांत ती शाखा आहे. ते विमानाची रचना आणि गणित शिकवणारं शिक्षण आहे, दुरुस्तीच्या सहीचं नाही. डिझाइनमध्ये जायचं असेल तर तेच घ्या. विमानावर प्रत्यक्ष काम करायचं असेल तर एएमई. एजंट या दोन्हीला 'विमानाचं इंजिनिअरिंग' म्हणतो आणि पालक मान डोलावतात.

नियमात दुसरी वाटही आहे. मान्यताप्राप्त संस्थेत न शिकता दुरुस्तीच्या ठिकाणी टेक्निशियन म्हणून लागायचं आणि अनुभव घेत घेत मॉड्यूल द्यायचे. त्यात बी-१.१ साठी अनुभव जास्त लागतो : संबंधित तांत्रिक प्रशिक्षण झालेलं असेल तर तीन वर्षं, नसेल तर पाच. वेळ लागतो, पण फीचे लाखो रुपये वाचतात. गरीब घरातल्या आयटीआय किंवा डिप्लोमावाल्या मुलाने ही वाट नक्की पाहावी. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फ्रान्सच्या दासो कंपनीच्या मदतीने २०१९ पासून विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड चालतो. विमान कारखान्यात शिरायला हे दार फार स्वस्तातलं आहे आणि आपल्या भागात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांचं काय?

आपल्या भागातलं पोरगं घरी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारात दखनी ऐकतं आणि इंग्रजीला घाबरतं. मॉड्यूलची परीक्षा इंग्रजीत असते, यात पळवाट नाही. पण घाबरण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. विमानाचे मॅन्युअल साहित्यिक इंग्रजीत लिहिलेले नसतात. त्यांच्यासाठी मुद्दाम सोपी केलेली इंग्रजी आहे. तिच्या शब्दकोशात मान्य केलेले सर्वसाधारण शब्द जेमतेम नऊशेच्या घरात आहेत. पार्ट्सची आणि यंत्रांची नावं त्याशिवाय. एका शब्दाचा एकच अर्थ, आणि काम सांगणारं वाक्य वीस शब्दांपेक्षा मोठं करायचं नाही असा नियम. ही भाषा तयार झाली तीच जगभरच्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मेकॅनिकांसाठी. फ्रेंच, जपानी, ब्राझिलियन सगळे तीच वाचतात.

म्हणून स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे घालण्यापेक्षा पीयूसीची फिजिक्सची आणि गणिताची इंग्रजी पुस्तकं नीट वाचायची सवय लावणं जास्त कामाचं. ज्याला 'टॉर्क', 'प्रेशर', 'करंट' यांचा अर्थ आकृतीसकट कळला, त्याला पुढची इंग्रजी जड जात नाही. ज्याने हे शब्द नुसते पाठ केले, त्याला मराठीतूनही जड जातं.

सीमेच्या अलीकडे, पलीकडे

एएमईच्या प्रवेशाला राज्याची सीमा आड येत नाही. हे केंद्राच्या अखत्यारीतलं आहे, कर्नाटकचा मुलगा पुण्यात शिकू शकतो आणि लातूरचा बेंगळुरूत. नीट किंवा जेईईसारखी एएमईची एकच सरकारी प्रवेश परीक्षा नाही. खासगी संस्था स्वतःच्या परीक्षा घेतात आणि त्यांची नावं सरकारी वाटावीत अशी असतात. त्या परीक्षेत 'रँक' आली म्हणून फोन आला तर हुरळून जाऊ नका.

पण यात तोटाही आहे. ३७१ (जे) मुळे कल्याण कर्नाटकातल्या मुलांना आपल्या विभागातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के आणि राज्यपातळीवरच्या संस्थांत ८ टक्के जागा राखीव मिळतात. खासगी एएमई संस्थेत या दाखल्याचा उपयोग होत नाही. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगला होतो. तसंच महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी 'टाइप ई' अशी वेगळी पात्रता आहे. महाराष्ट्र सरकारच्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव आहे का ते पाहून दाखला काढून ठेवावा. यातून सरळ एएमई मिळत नाही, पण महाराष्ट्रातल्या एखाद्या चांगल्या कॉलेजात प्रवेशाची संधी मिळते. आणि डिप्लोमा हातात असला की पुढे एएमईची पात्रता आपोआप आली, शिवाय एक आधार पाठीशी राहिला. दहावीनंतर डिप्लोमा आणि मग एएमई, हा क्रम आपल्याकडच्या बऱ्याच घरांना परवडणारा आहे असं आमचं मत आहे.

काम कुठे आहे?

बिदरच्या आकाशात रोज घिरट्या घालणारी हॉक विमानं आपण लहानपणापासून पाहतो. ती हवाई दलाची, २००८ पासून बिदर तळावर आहेत. तिथलं काम हवाई दलातून भरती झालेले लोक करतात. त्यासाठी भरतीची वाट वेगळी, आणि हवाई सैनिकांचं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला होतं.

नागरी बाजूला कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि बिदरची प्रवासी सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. बिदरच्या सेवेत मध्ये खंडही पडला. छोट्या विमानतळांवर दुरुस्तीच्या नोकऱ्या फार नसतात. विमान येतं, अर्धा तास थांबतं, जातं. कलबुर्गीला पायलट प्रशिक्षणाच्या संस्था आल्या आहेत. त्यांच्या छोट्या विमानांना रोज देखभाल लागते. पण ती बहुतेक पिस्टन इंजिनाची, म्हणजे बी-१.२ च्या वाटेची.

खरं काम मोठ्या हँगरमध्ये. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे हैदराबाद. सस्तापूर बंगल्यावरून बस पकडली की चार-साडेचार तासांत शहर. तिथे शमशाबादला जीएमआरचा विमान दुरुस्तीचा मोठा कारखाना आहे आणि त्यांनी एएमईची शाळाही काढली आहे. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचं केंद्र आहे, बोइंगच्या सहकार्याने उभं राहिलेलं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना लढाऊ विमानांचा, पण २०२३ मध्ये त्यांनी एअरबसशी ए-३२० च्या दुरुस्तीसाठी करार केला. बेंगळुरूत एचएएल जुनीच, आणि आता मोठ्या विमान कंपन्याही देवनहळ्ळीला आपली दुरुस्ती केंद्रं उभी करत आहेत. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर बेळगाव, कलबुर्गी, बिदरसारख्या गावांना जोडत आली. ती एम्ब्रेअर विमानं चालवते, तिलाही तंत्रज्ञ लागतातच.

आखाती देशांत जायचं स्वप्न बऱ्याच जणांचं असतं. भारतीय लायसन्स तिथे जसंच्या तसं चालत नाही, त्या देशाच्या नियमाप्रमाणे पुन्हा प्रक्रिया करावी लागते. आधी इथे लायसन्स, टाइप कोर्स आणि काही वर्षांच्या सह्या, मग दुबई.

कामाची कडू बाजूही ऐका. विमानं दिवसा उडतात, म्हणून दुरुस्ती रात्री. मे महिन्यातल्या डांबरासारख्या तापलेल्या धावपट्टीशेजारी उभं राहणं, पावसात इंजिन उघडणं, आणि सकाळी सहाला विमान सुटायचं असताना पहाटे चारला बिघाड सापडणं. सुरुवातीच्या काळात पैसे कमी. प्रशिक्षणात काही ठिकाणी स्टायपेंड मिळतं, काही ठिकाणी मिळत नाही.

फी भरण्याआधी

संस्थेचं नाव डीजीसीएच्या वेबसाइटवरच्या सीएआर-१४७ च्या यादीत स्वतः शोधा. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो धरू नका. नाव सापडलं तर मान्यता कोणत्या प्रकाराची आणि कधीपर्यंतची हे पाहा. एखाद्या संस्थेला फक्त बी-१.१ ची मान्यता असते आणि प्रवेश बी-२ लाही घेतले जातात का, हे विचारायला लाजू नका.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव कुठे देणार? कोणत्या कंपनीशी लेखी करार आहे, किती मुलांसाठी, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेणार का? इथे उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या. अंगणात उभं केलेलं जुनं विमान शिकायला ठीक, पण अनुभव चालत्या विमानावरचाच धरतात. मागच्या तीन तुकड्यांतल्या किती जणांचे सगळे मॉड्यूल निघाले हेही विचारा. आणि ऑफिसात विचारून झालं की गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या मुलांना परत विचारा. तिथलं उत्तर जास्त खरं असतं.

कर्ज काढायचं असेल तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत डीजीसीएची मान्यता असलेले एरोनॉटिकल अभ्यासक्रम येतात. मान्यतेचं पत्र घेऊन आधी बँकेत जा. मॅनेजर कागद मागतो आणि नीट वाचतो, त्यामुळे संस्थेची एक तपासणी तिथेच फुकटात होते. डोळेही तपासून घ्या, विशेषतः रंग ओळखता येतात का. विमानातल्या तारा आणि नळ्या रंगांवरून ओळखायच्या असतात.

मूळ कागदपत्रं, म्हणजे दहावी-पीयूसीच्या मार्कशीट आणि टीसी, कोणत्याही संस्थेत 'ठेवून' येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत नाव उतरवताना आपल्याकडे आडनावाची अक्षरं हमखास बदलतात, आणि डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर नोंदणी करताना तेच नाव आयुष्यभरासाठी चिकटतं. तहसील कचेरीतलं हे काम सुट्टीतच उरकून टाका, निकालानंतर तिथे रांग असते.